सातपुड्यातील दोन घुबडे

नंदुरबार जिल्ह्यातील शृंगी घुबड व रानपिंगळा हे दोन शिकारी पक्षी एकाच कुळातील असले, तरी आकाराने अत्यंत भिन्न आहेत. शृंगी घुबडाची लांबी ५० सेंटिमीटरांहून अधिक व वजन एक किलोच्या वर असते. रानपिंगळा जेमतेम २३ सेंटिमीटरांचा, वजनाने पाव किलोच्या आसपास. त्यांपैकी धोक्यात आलेला आहे तो लहान पक्षी.

शृंगी घुबडाच्या डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे झुबके असतात. नदीनाल्यांच्या दरडी व खडकांच्या कपारी हे त्याचे वसतिस्थान. ते घरटे बांधीत नाही. कड्याच्या खोबणीत किंवा उघड्या जमिनीवरच अंडी घालते. सायंकाळी बाहेर पडून ते शेतातील उंदीर-घुशी टिपते. साहजिकच जंगल विरळ झाले तरी त्याचा निभाव लागतो.

रानपिंगळ्याचे तसे नाही. तो दिवसा वावरतो, सागाच्या विरळ रानात फांदीवर बसून सरडे, उंदीर व मोठे कीटक पकडतो आणि अंडी झाडाच्या ढोलीत घालतो. गावाजवळच्या नेहमीच्या पिंगळ्याशी त्याची गल्लत होते. परंतु त्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा व शेपटीवरील पांढरे पट्टे रुंद असतात.

ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. खानदेशात डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र विश्वसनीय नोंद उरली नाही. मायनर्ट्झहागेन यांनी १९१४ चा म्हणून दाखविलेला नमुना चोरीचा व खोट्या नोंदीचा निघाला. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व बेन किंग यांना शहाद्याजवळ रानपिंगळा प्रत्यक्ष दिसला. तेव्हा हा प्रदेश धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. पुढे मेळघाट, यावल व तानसा येथेही हा पक्षी आढळला.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घुबडांच्या शिकारीस बंदी आहे. मंत्रतंत्रासाठी त्यांना पकडणाऱ्यांना ती ठाऊक नसते असे नव्हे. ढोलीचे जुने झाड मात्र कोणाच्या ध्यानात न येता सरपणाच्या मोळीत जमा होते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये ग्रामसभेस आपल्या सामूहिक वनाच्या वापराचे नियमन करता येते. त्या ठरावात कोणती पोकळ झाडे राखावयाची, याची गटवार नोंद घेता येईल.