हवाला देवावर

भाविकहो, ‘देव देईल’ असे म्हणणे सोपे. त्या भरवशावर पाऊल टाकणे कठीण. इ.स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांचा व्यापार बसला, घरी अन्नान्नदशा झाली. जवळ उरली ती लोकांकडील येण्याची कर्जखते. परंपरा सांगते की, त्यांनी खतांचे दोन भाग केले. धाकटे बंधू कान्होबांचा भाग त्यांना दिला, स्वतःचा इंद्रायणीत सोडला. ऋणको मोकळे झाले.

बोध असा : देवावर हवाला टाकावा तो स्वतःच्या वाट्याचा, दुसऱ्याच्या घासाचा नव्हे. हातातले काम न सोडता उद्याची चिंता श्रीचरणी ठेवावी. दर्शनरांगेत उभे असता, आपल्या मुठीत अजून कोणते खत आहे, हे प्रत्येकाने मनाशी पाहावे.