मोजून दिले, मोजून घेतले

शास्त्रपाठ : एज्रा ८:२१-३४, २ करिंथ ८:१६-२१

वार्षिक सभेत हिशेब वाचण्याची वेळ आली की कोणीतरी म्हणतो, "आपण सारे विश्वासातले लोक, इतकी चौकशी कशाला?" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु शास्त्र याविषयी काय शिकविते ते पाहू या.

एज्राचा तराजू

इ. स. पू. ४५८ च्या सुमारास एज्रा शास्त्री बाबेलहून यरुशलेमेस निघाला. मंदिरासाठी दिलेले ६५० किक्कार रुपे, १०० किक्कार सोने व मोलवान पात्रे त्याच्याबरोबर होती. वाटेत लुटारूंचे भय होते. तरी राजाजवळ शिपाई व स्वार मागण्याची त्याला लाज वाटली, कारण आमचा देव आम्हांला राखतो असे तो राजाला सांगून चुकला होता. म्हणून अहवा नदीकाठी सर्वांनी उपास व प्रार्थना केली.

आता पुढची गोष्ट लक्षात घ्या. ज्याने देवावर भिस्त ठेवून शिपाई मागितले नाहीत, त्यानेच मुख्य याजकांपैकी बारा जण निवडले व सर्व काही त्यांना तोलून दिले. यरुशलेमेस पोहोचल्यावर तीन दिवस विसावा घेऊन, चौथ्या दिवशी ते पुन्हा तोलून मरेमोथ याजकाच्या हवाली करण्यात आले. त्याच्याबरोबर आणखी एक याजक व दोन लेवी होते. नग मोजले, वजन केले आणि एकंदर वजन त्याच वेळी लिहून ठेवले. एज्राचा विश्वास व एज्राचा तराजू यांच्यात भांडण नव्हते.

एक शंका

योवाश राजाच्या दिवसांत, कामगारांना पैसे देणाऱ्या माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत (२ राजे १२:१५). हे खरे आहे. पण त्याच अध्यायाचे १० वे वचन पाहा. पेटीतला पैसा राजाचा चिटणीस व मुख्य याजक मिळून मोजीत, आणि मगच तो पुढे जाई.

पौलानेही यरुशलेमेतील गरिबांची वर्गणी एकट्याच्या हाती ठेवली नाही. तीताबरोबर त्याने आणखी दोन बंधू पाठविले. त्यांपैकी एकाला मंडळ्यांनीच निवडले होते. एवढ्या मोठ्या दानाविषयी कोणी दोष लावू नये, अशी त्याची काळजी होती.

आमची चूक

मी ज्या पंचकमिटीत होतो, तेथे एक वृद्ध खजिनदार होते. अर्पणाची थैली ते घरी नेत व एकटेच मोजीत. एका वर्षी हंगामाच्या सणाच्या जमेविषयी कुजबुज सुरू झाली. वहीत दुसऱ्याची सही नव्हती, पावत्याही नव्हत्या. त्यांनी पैसे घेतले असे कोणाला दाखविता आले नाही, आणि घेतले नाहीत हे त्यांनाही दाखविता आले नाही. ते उपासनेला येईनासे झाले. त्यांना वर्षानुवर्षे एकटे मोजू देणारे आम्हीच होतो. त्याला आम्ही विश्वास म्हणत होतो. खरे पाहता तो आमचा आळस होता.

आपण काय करावे?

१. अर्पण उपासनेनंतर तेथेच, एका घरच्या नसलेल्या दोघांनी मोजावे व वहीत दोघांनी सह्या कराव्या.

२. प्रत्येक देणगीची पावती द्यावी. ज्या कामासाठी दान आले त्याच कामी ते खर्च करावे.

३. कीर्दवही व बँकेचे पासबुक दरमहा ताडून पाहावे. ३१ मार्चनंतर हिशेब बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून मंडळीपुढे वाचावा.

४. पैशाबरोबर माणसेही मोजावी. मेंढपाळाने मेंढरे मोजली म्हणूनच एक हरवल्याचे कळले. शब्बाथशाळेच्या पटावर ४० मुले असून २८ आली, तर शिक्षकाने १२ घरी जावे. त्यासाठीच हजेरी असते. अहवालात मोठा आकडा दाखविण्यासाठी नव्हे.

वर्गासाठी प्रश्न

१. एज्राने शिपाई का मागितले नाहीत? मग सोने का तोलले?

२. हिशेब ठेवल्याने प्रामाणिक सेवकाचे रक्षण कसे होते?

३. आपल्या वर्गातून कोण येईनासे झाले आहे? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?