गरोदरपणातला रक्तदाब: बोर्लीतल्या घरासाठी कृती

पाय सुजले की घरातली मोठी माणसं म्हणतात, "दिवस भरत आले, सुजणारच." पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणूनच सुजेवर न विसंबता आकडा बघावा. रक्तदाब वाढलेला बहुतेकींना जाणवत नाही, आणि बोर्ली पंचतनहून म्हसळामार्गे माणगाव गाठायचं तर वेळ लागतो. तो वेळ आधीच मिळवून ठेवायचा, त्यासाठी ही कृती.

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. एकदा ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. आखूड पट्ट्याने आकडा खोटाच वाढतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. लघवीला जाऊन आल्यावर गरोदर बाईला पाठ टेकून खुर्चीवर बसवा, पावलं जमिनीवर, पायांची अढी नाही. पाच मिनिटं शांत बसू द्या. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत. हात उशीवर टेकलेला. मोजताना तिच्याशी कुणी बोलू नये. डाव्या कुशीवर झोपवून उजव्या दंडावर मोजलं तर आकडा कमी दिसतो आणि सगळे फसतात. मिनिटभराने पुन्हा मोजा. दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा.

वरचा 140 किंवा खालचा 90, यातला एक जरी गाठला तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं. 160 किंवा 110 दिसला तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजा; तेवढ्यात रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लागलेला असू दे.

विसाव्या आठवड्यानंतर दाब वाढला की लघवीतलं प्रथिन तपासतात. रक्तात प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि यकृताची एन्झाइमं बघतात. प्लेटलेट एक लाखाखाली किंवा क्रिएटिनिन 1.1 च्या वर गेलं, तर लघवी स्वच्छ असली तरी हा प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला वाढत्या दाबाचा गंभीर आजारच मानतात. इथे एक फसवी जागा आहे. या आजारात रक्तातलं पाणी ऊतींत झिरपतं, रक्त दाट होतं आणि हिमोग्लोबिन चांगलं दिसू लागतं. आधी 9 असलेलं अचानक 12 झालं, तर गोळ्यांचा गुण म्हणून खूश होण्याआधी डॉक्टरांना विचारा. वारेतून निघणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर सांगणारी नवी तपासणी मोठ्या शहरांत मिळते. ते 38 किंवा कमी आलं तर पुढच्या आठवड्यात हा आजार होण्याची शक्यता फार थोडी. पण ही तपासणी जवळ मिळत नाही म्हणून कुणी थांबू नये; वरच्या साध्या तपासण्यांवर निर्णय घेता येतो.

आधीच्या खेपेला दाब वाढला असेल, जुळं असेल, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांकडे अ‍ॅस्पिरिनचा विषय काढा. ते सोळाव्या आठवड्याआधी सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. मनाने घेऊ नये. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एका वेळी नको. सुकट-बोंबील तोडले, मीठ बंद केलं, म्हणून हा आजार टळत नाही. अळणी जेवणावर बाईला उपाशी ठेवू नका.

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, बाळाची हालचाल मंदावणं: यातलं काही झालं तर आकडा बरा असला तरी निघा. बरगडीखालचं दुखणं पित्त म्हणून सोडून देतात, ते फार महागात पडतं. या आजारात आकडीचा झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेट देतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला.

बाळंतपणाने हा धोका लगेच संपत नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी दाब पुन्हा चढू शकतो, म्हणून दवाखान्यातून घरी आल्यावरही रोज मोजा. मुंबईहून माहेरी आलेली लेक सव्वा महिन्याने परत जाईल, तेव्हा वही आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत घाला. तिथल्या डॉक्टरांना हे आकडे लागतील.