नफ्याचे पाच वाटेकरी

महाडच्या चवदार तळ्यावर दर २० मार्चला फार गर्दी जमते. १९२७ साली त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या तळ्याचे पाणी प्याले. एवढी माणसे येतात, तर तिथे चहाची टपरी टाकावी, असे आपल्याला वाटते. पण गर्दी म्हणजे नफा नव्हे. नफ्याला पाच वाटेकरी असतात. कर्ज काढण्याआधी त्यांना ओळखू या.

पहिला वाटेकरी शेजारचा टपरीवाला. ओळीने दहा टपऱ्या लागल्या, की भाव उतरलाच.

दुसरा, माल देणारा. दूधवाला एकच असला, तर तो सांगेल तो भाव. तिघे असले, तर आपल्यालाही बोलता येतं.

तिसरा, गिऱ्हाईक. चार पावलांवर दुसरी टपरी दिसली, की ते घासाघीस करणारच.

चौथा वाटेकरी लवकर दिसत नाही. मार्चच्या उन्हात माणूस चहा सोडून उसाचा रस घेतो. पूर्वी महाडचा माल सावित्री नदीतून होड्यांनी येई-जाई. पुढे रस्ते झाले, मालमोटारी आल्या. नावाड्याचे काम दुसऱ्या नावाड्याने नेले नाही, रस्त्याने नेले.

पाचवा, नवा येणारा. टपरीला भांडवल थोडे. आपली चालली, की उद्या दुसरी उभी राहते. जे काम शिकायला वेळ लागतो, त्यात अशी झुंबड उडत नाही.

पण धंद्याचे दार एकेकाळी जातीनेही अडवले होते. ज्याला तळ्याचे पाणी शिवू देत नसत, त्याच्या हातचा चहा कोण घेणार? १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याच्या खटल्याचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. १९५० साली राज्यघटना लागू झाली. तिने अस्पृश्यता बंद केली आणि कायद्यात बसणारा कोणताही धंदा करायचा हक्क सगळ्यांना दिला. दार उघडले. आत टिकायचे, तर हिशेब हवा.

अमेरिकेतील प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली मोठ्या उद्योगांसाठी हेच पाच वाटेकरी मांडले. कारखाना असो की टपरी, हिशेब एकच.

विचार करा : आपल्या गावातला एक धंदा घ्या. त्याचे पाच वाटेकरी वहीत लिहा. सर्वांत मोठा वाटा कोण नेतो? तो कमी कसा करता येईल?