छोटे मातीचे धरण: त्याचा 'दर्जा' कसा वाचावा?



या अंकाच्या अभ्यासासाठी आपण एक छोटे धरण घेतले आहे. ते अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात होते. नाव केली बार्न्स. ते सरकारी नव्हते आणि कुठल्या कंपनीचेही नव्हते. ते टोकोआ फॉल्स येथील बायबल कॉलेजच्या मालकीचे होते. हे कॉलेज ख्रिस्ती आणि मिशनरी अलायन्सशी जोडलेले आहे. अकोला-खामगाव भागातील जुन्या मंडळ्यांना अलायन्सचे नाव नवे नाही.

6 नोव्हेंबर 1977, रविवार, पहाटे दीडचा सुमार. दोन-तीन दिवस पाऊस चालू होता आणि आदल्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तो फारच जोरात पडला. धरण फुटले. पाणी 186 फुटांच्या धबधब्यावरून खाली कोसळले आणि कॉलेजच्या आवारात शिरले. तेथे वसतिगृह होते, शिवाय विद्यार्थ्यांची कुटुंबे चाकांवरच्या लहान घरांत राहत होती. 39 जण मरण पावले, त्यांत बरीच लहान मुले होती.

हे धरण उंचीने जेमतेम 42 फूट, म्हणजे 13 मीटरच्या आतले. 1899 मध्ये तेथे लाकडी चौकटीत दगड भरून एक बांध घातला होता. पुढे विजेसाठी कॉलेजने त्यावर मातीचा भराव केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो आणखी उंच केला. 1957 मध्ये वीज काढणे बंद झाले. तलाव मात्र राहिला, आणि तो सर्वांना आवडत होता. ज्या वस्तूचा रोजचा उपयोग संपतो तिची देखभाल कोण करतो? आपल्या घरातही आपण हेच पाहतो.

चौकशीत एकच एक कारण सापडले नाही. भरावाचा खालचा उतार फार उभा होता, जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद. मातीच्या भरावाला हे झेपत नाही. त्या उतारावर झाडे वाढली होती. 1973 मधील एका छायाचित्रात उताराचा एक तुकडा घसरलेला दिसतो. धरणाचे आराखडेही कोणाकडे नव्हते.

झाडांचे थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे बांधावर झाड लावणे चांगले मानतात. शेताच्या बांधावर ते ठीक आहे. पाणी अडवलेल्या भरावावर मोठे झाड मेले की त्याची मुळे कुजतात आणि आत पोकळ वाटा राहतात. घुशी आणि खेकड्यांची बिळेही तेच काम करतात. पाणी त्या वाटेने निघते, जाताना माती नेते आणि वाट रुंदावत जाते. म्हणून धरणाच्या पायथ्याशी पाझर दिसला तर पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहावे. थोडा स्वच्छ पाझर बहुतेक मातीच्या धरणांना असतोच, तरी त्यावर लक्ष ठेवावे, वाढला तर कळवावे. गढूळ पाणी म्हणजे धरण आतून वाहून जात आहे. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, खालची वस्ती आधी हलवावी.

आता दर्जाविषयी. अमेरिकेत प्रत्येक धरणाला दोन वेगळे दर्जे देतात आणि लोक त्यांत नेहमी गल्लत करतात. पहिला दर्जा धोक्याचा: उच्च, मध्यम किंवा कमी. धरण मजबूत आहे की नाही हे तो सांगत नाही. ते फुटले तर खाली कोण आहे, एवढेच सांगतो. माणसे मरण्याची शक्यता असेल तर 'उच्च', मग धरण कालच बांधलेले का असेना. दुसरा दर्जा स्थितीचा: समाधानकारक, बरी, खराब, असमाधानकारक. तपासणीच झाली नसेल तर 'दर्जा नाही'. माझ्या मते सर्वांत जपून वाचावा तो हाच शेवटचा शब्द. वाचणाऱ्याला वाटते तक्रार नाही. खरे तर तेथे कोणी पाहिलेलेच नसते.

धोक्याचा दर्जा धरणाला हात न लावताही बदलतो. खाली दोन घरे उभी राहिली की 'कमी'चा 'उच्च' होतो, आणि वरच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

तेथे धरण तपासण्याचा कायदा 1972 पासूनच होता, पण तपासणीला पैसा मिळाला नव्हता. टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी, जे स्वतः जॉर्जियाचे, तपासणीचा आदेश दिला. पुढील चार वर्षांत सुमारे 9,000 बिगर-केंद्रीय धरणे पाहिली गेली. त्यांतील जवळजवळ एक-तृतीयांश असुरक्षित निघाली. जॉर्जियाने 1978 मध्ये स्वतःचा कायदा केला.

आपल्या देशात धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये झाला. तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरच्या धरणांना तो लागू होण्यासाठी आणखी अटी आहेत: लांबी निदान 500 मीटर, किंवा साठा निदान दहा लाख घनमीटर, किंवा मोठा पूर, अवघड पाया, वेगळी रचना. केली बार्न्सचे आकडे येथे लावून पाहा. लांबी सुमारे 120 मीटर, फुटतानाचा साठा आठ लाख घनमीटरच्या आत. ते धरण आपल्या कायद्यात बहुधा बसलेच नसते.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि सुमारे वीस जीव गेले, हे आपल्याला आठवत असेल. ते सरकारी होते. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

आपल्यापैकी जे पाड्यांवर भेटीला जातात त्यांनी ऑक्टोबरात, तलाव भरलेला आणि गवत कापलेले असताना, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन वरच्या बांधावरून एक फेरी मारावी. माथ्यावर भेग आहे का? कुठे खचले आहे का? सांडव्यात झुडपे किंवा मासे धरण्याची जाळी अडकली आहे का? पायथ्याशी ओल कुठवर आली आहे, तेथे एक खुंटी ठोकावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या भेटीत ओल खुंटीच्या पुढे गेलेली दिसली, तर ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. बांध खाजगी असेल तर मालकालाही त्याच दिवशी भेटावे.