'नाइस' या शब्दाविषयी

'नाइस' म्हणजे 'छान' असे फळ्यावर लिहून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखकानेही पुष्कळ वर्षे तेच केले. पुढे उताऱ्यातील 'अ नाइस डिस्टिंक्शन' याचा अर्थ एका मुलाने 'छान फरक' असा लिहिला. तेथे 'सूक्ष्म भेद' हवा होता. पण चूक मुलाची कशी म्हणावी?

या शब्दाचे मूळ लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे अजाण. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा 'नाइस' मनुष्य म्हणजे चक्क मूर्ख मनुष्य! नंतर तो चोखंदळ झाला, काटेकोर झाला, आणि अठराव्या शतकात 'मनास रुचणारा' हा अर्थ रूढ झाला. मग तो वाटेल तेथे वापरला जाऊ लागला. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत जेन ऑस्टिनने याचीच थट्टा केली आहे. आपला 'छान' तरी कोठे निराळा आहे?

तेव्हा पर्याय मुलांकडूनच काढून घ्यावेत. जेवण असेल तर 'टेस्टी', मायाळू शेजारीण असेल तर 'काइंड', पावसानंतरची हवा असेल तर 'प्लेझंट'. हस्ताक्षरासाठी 'नीट' सांगावा. उच्चाराने व अर्थाने तो आपल्या 'नीट'शी असा जुळतो की मुले तो विसरत नाहीत.