घरातलं मराठी वाचन: लेकरांना गोडी कशी लागेल?



मागच्या रविवारी प्रार्थनेनंतर दोन-तीन ताईंनी एकच प्रश्न विचारला, लेकरं मोबाईल सोडून पुस्तक हातात घेतील कशी? पक्कं उत्तर आमच्याकडेही नाही. पण आमची झालेली चूक आधी सांगतो.

आपल्या पांढुर्णा-सौसरची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. घरात आपण मराठी बोलतो, पण शाळा बहुतेकांची हिंदी, नाहीतर इंग्रजी. म्हणजे मराठी वाचायला शिकायची जागा उरली ती घरच. एका पिढीने घरी वाचलं नाही, तर आजोबांच्या कपाटातली ग्रामगीता नातवाला फक्त हळदीकुंकू वाहण्यापुरती राहील.

म्हणून आम्ही मुलांना थेट ग्रामगीतेच्या ओव्या वाचायला बसवलं. अध्याय ४१, वाटलं वर्षात सहज होतील. आणि दर ओळीला टोकणं सुरू, "शाला नाही रे, शाळा!" हिंदीच्या वर्णमालेत ळ शिकवत नाहीत, त्यात लेकराचा काय दोष? बाकीची पोरं हसायची. तिसऱ्या आठवड्यात दोनच मुलं उरली, तीही कार्यकर्त्यांच्या घरची.

रस्ता दाखवला एका आजीने. त्यांना मोतीबिंदू. त्या नातवाला म्हणाल्या, "मले दिसत नाही बाबू, तू वाचून दाखव. अन् कोणी हसू नका रे त्याले." तो अडखळत वाचायचा आणि अडलेला शब्द आजी अंदाजाने सांगायच्या. परीक्षा नाही, मार्क नाहीत. आजीला आपली गरज आहे, एवढं त्याला कळलं आणि तो रोज स्वतःहून बसू लागला.

मग आम्ही 'श्यामची आई' घेतलं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते बरंचसं लिहिलं. त्यात ४२ रात्री आहेत, म्हणून रोज एक रात्र. मोठ्यांनी वाचायचं आणि ऐन रंगात थांबायचं, "पुढचं उद्या." एका मुलीला धीर धरवला नाही, तिने दुपारीच पुढचं वाचून टाकलं. आम्ही मुद्दाम काही बोललो नाही.

मुलांना गंमत वाटते ती दोन भाषांच्या घोळाची. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. तिकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न, इकडे थट्टा. एका घरात असे शब्द कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतात. चूक वाचली म्हणून हसण्यापेक्षा हे हसणं बरं.

पुस्तकं मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. फक्त मोबाईल मोठ्यांच्या हातात असू द्या. आणि ताई, त्या दहा मिनिटांत आपली सिरियल बंद हवी बरं का, इथे आमचंच घोडं अडतं.

पोथीच आधी हवी, असं आमच्यातल्या काहींना अजून वाटतं. त्यावर बोलूच. येत्या रविवारी येताना घरात पडून असलेलं मुलांचं एक मराठी पुस्तक आणा, जाताना दुसऱ्याचं घेऊन जा.